दार उघडणाऱ्याचं नाव

कोल्हार,
१३ जुलै २०२५

चि. अश्विनीस,
सत्यशीलाकाकीचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

आषाढ पौर्णिमेला तुझी वाट पाहिली. तुझी आई तर दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. "कंपनीत नवं काम अंगावर आलंय काकी, पत्रानं सांगते," एवढंच तू फोनवर म्हणालीस. पत्रानं सांगतेस ते बरं करतेस. तुझा फोन आला की तुझे काका स्पीकर लावून ओसरीवर ठेवतात, मग सगळी गल्ली तुझं बोलणं ऐकते आणि मला सल्ले देते. पत्र मी एकटीच वाचते. काकांना वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा कुठं ठेवलाय ते मलाच ठाऊक असतं.

वर्षावास सुरू झालाय. आता तीन महिने रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाचं वाचन असतं. मेणबत्त्या, अगरबत्ती, पौर्णिमेची खीर, सगळ्याचा हिशोब यंदाही माझ्याकडेच आहे. उरलेले मेणाचे तुकडे वितळवून मी पुन्हा वात घालते, त्यावरून बायका हसतात. हसू देत. उजेड तर तेवढाच पडतो.

तुझं काम काय ते नीट लिही. मी मॅट्रिक आहे, सोपं करून सांगितलंस तर मला कळेल. सकाळची वंदना चुकवू नकोस. आणि हे पाकीट फेकू नकोस, उलटं करून चिकटवलं की पुन्हा चालतं.

तुझी,
काकी

---

नागापूर,
१९ जुलै २०२५

ती. काकीस,
सविनय जयभीम.

पाकीट उलटं करून वापरलंय. खोलीवर खळ नव्हती म्हणून कंपनीतली टेप लावली.

आता काम सांगते. आमची कंपनी लहान आहे. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आम्ही बसतो, खाली दिवसभर लेथ चालू असतो. दवाखाने, शाळा, दुकानं यांच्यासाठी सॉफ्टवेअर करतो. मालक अजिनाथ सर. त्यांचा भाचा हर्षल हा आमचा प्रमुख. माझ्या शेजारी इन्शा बसते, नगरचीच आहे, माझ्यानंतर लागली.

नवं गिऱ्हाईक आलं की त्याच्या कामासाठी कॉम्प्युटरवर एक रिपॉझिटरी उघडतात. तू तिला नवी खोली समज. त्या कामाचा सगळा कोड त्या खोलीत राहतो. आणि इश्यू म्हणजे त्या खोलीच्या भिंतीवर लावलेली कामाची चिठ्ठी. एका चिठ्ठीवर एक काम. चिठ्ठी कोणाच्या तरी नावावर असते आणि काम झालं की ती बंद करायची.

अडचण अशी होते की खोली उघडली की सगळे घाईनं आत घुसतात. भिंती रंगवायला लागतात आणि दाराला कडी लावायची राहून जाते. मागच्या महिन्यात श्रीरामपूरच्या एका दवाखान्याच्या दोन दिवसांच्या नोंदी गेल्या. बॅकअप लावलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं लावलं असेल. सरांनी मला बोलावलं, म्हणाले, "अश्विनी, असं काहीतरी कर की कोणाला विसरायची सोयच राहू नये."

म्हणून मी एक टूल बसवतेय. नवी रिपॉझिटरी उघडली की टूलला निरोप जातो. टूल माझ्या फाइलमधली यादी वाचतं आणि ठरलेल्या चिठ्ठ्या आपोआप भिंतीवर लावतं. बॅकअप लावा. कोडमध्ये पासवर्ड राहिलाय का बघा. माहितीचं पान लिहा. चाचण्या लिहा. अशा सात. चाचणीच्या पहिल्या दिवशी निरोप दोनदा येत होता, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठी दोनदा लागली. इन्शा म्हणाली, "ताई, ये टूल नहीं, मेरी दादी है. एकच काम दोनदा सांगतंय." ते दुरुस्त केलं.

मग प्रश्न आला, चिठ्ठ्या कोणाच्या नावावर लावायच्या? बिननावाची चिठ्ठी कोणीच करत नाही. तेव्हा मला आपला विहार आठवला. ज्यानं कुलूप उघडलं त्यानं त्या दिवशी झाडू घ्यायचा. लहानपणी किल्ली हातात मिळावी म्हणून मी तुझ्या मागं लागायचे आणि मिळाली की झाडावंही लागायचं. मी टूलमध्ये तेच लिहिलं. निरोपात उघडणाऱ्याचं नाव येतंच, त्याच्याच नावावर साती चिठ्ठ्या जातील. रिपॉझिटरी उघडायचा अधिकार सध्या फक्त सरांना आणि हर्षलला आहे.

सोमवारी ते खरोखरच्या कामावर चालू होईल. मला फार आनंद झालाय. आईला सांग.

तुझी,
अश्विनी

---

कोल्हार,
२५ जुलै २०२५

चि. अश्विनीस,
काकीचा सप्रेम जयभीम.

पत्र दोनदा वाचलं आणि कळलं. आपल्या विहाराचा नियम तुझ्या कंपनीच्या यंत्रात गेला हे मी आक्काबाईला सांगितलं. विहाराची पहिली वीट ठेवली तेव्हापासून ती आहे. ती म्हणाली, "यंत्राला तरी पाळता येईल का?" मी म्हटलं, यंत्रच पाळेल, माणसांचं बघायचं.

मला एकच शंका आहे. हर्षल हा मालकाचा भाचा. त्याच्या नावावर चिठ्ठ्या लागणार हे तू त्याला आधी सांगितलंस का? आपल्याकडे नियम सगळ्यांनी बसून ठरवला होता. तुझ्याकडे तो एकटीनं लावलाय. जपून राहा. नोकरी मोठ्या मेहनतीनं मिळालीय.

तुझ्या आईनं शेंगदाण्याची चटणी दिलीय, पाहुण्याबरोबर पाठवते. डबा परत पाठव.

तुझी,
काकी

---

नागापूर,
९ ऑगस्ट २०२५

ती. काकीस,
सविनय जयभीम.

उशीर झाला, माफ कर. काम फार आहे. टूल चालू झालं. चिठ्ठ्या बरोबर लागतात, आता एकही दोनदा लागत नाही. माझं नाव आता कंपनीच्या प्रत्येक नव्या कामात येतं, अगदी सुरुवातीलाच. अजून काय लिहू.

चटणी संपली. डबा धुऊन ठेवलाय.

राखीला आले नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या महिन्यात बघते.

तुझी,
अश्विनी

---

कोल्हार,
१५ ऑगस्ट २०२५

चि. अश्विनीस,
काकीचा सप्रेम जयभीम आणि पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

पत्र इतकं तोकडं लिहिलंस म्हणून आधी रागावले होते. मग ती ओळ परत वाचली, कंपनीच्या प्रत्येक नव्या कामात तुझं नाव, सुरुवातीलाच! अगं, ही केवढी गोष्ट आहे आणि तू ती चटणीच्या डब्याशेजारी लिहून टाकतेस.

काल वाचन झाल्यावर मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तुझी आई रडली. काका म्हणाले, "पोरगी आता सायबीनच झाली म्हना की." मी त्यांना म्हटलं, साहेबीण नाही, पण हिच्या नावाशिवाय तिथं आता एक दार उघडत नाही. पुढच्या पौर्णिमेची खीर आपल्या घरची करायची असं ठरवलंय. साखर मी जपून ठेवलेली आहे.

आता पगाराचं बोलणं कधी करणार ते लिही. मागितल्याशिवाय मिळत नाही.

तुझी,
काकी

---

नागापूर,
२१ ऑगस्ट २०२५

ती. काकीस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. काकी, टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही. मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं, पण तुला जे कळलं तसंही ते नव्हतं, आणि तुला तसंच कळावं म्हणून मी एवढंच लिहिलं.

जे झालं ते सांगते. टूल चालू झालं त्या सोमवारी हर्षलनं एका शाळेच्या कामाची रिपॉझिटरी उघडली. लगेच साती चिठ्ठ्या लागल्या, त्याच्या नावावर. ती यादी आम्हा सगळ्यांच्या स्क्रीनवर दिसते. मागं कोणीतरी हसलं.

तो माझ्या टेबलाशी आला. "हे काय आहे? बॅकअप लावा, माहितीचं पान लिहा. ही पोरांची कामं. माझ्या नावावर?"

मी म्हटलं, "जो उघडतो त्याच्या नावावर जातात."

"कोणी ठरवलं?"

आणि मी वेडी, मी त्याला विहाराचं सांगितलं. मला वाटलं, ऐकून त्याला पटेल. तो हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमच्या विहारातले नियम विहारात ठेव. मी इथं झाडू मारायला बसलो नाही. तुझं नाव टाक तिथं. तुला तर सवयीचंच असेल."

इन्शानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सरांच्या केबिनचं दार उघडंच होतं. त्यांनी मला आत बोलावलं, म्हणाले, "वाद वाढवू नकोस. एका ओळीचा तर बदल आहे. सध्या तुझं नाव टाक, पुढं बघू."

मी टाकलं. हातानं टाकलं, काकी. जिथं उघडणाऱ्याचं नाव घे असं लिहिलं होतं तिथं अश्विनी असं लिहिलं. तेव्हापासून रिपॉझिटरी कोणीही उघडो, काम कोणाचंही असो, साती चिठ्ठ्या माझ्या नावावर लागतात. शाळेचं काम दाखवायला हर्षल गेला. त्या कामाच्या खाली जे काही आहे ते मी लावलेलं. दुसरे तर आता चिठ्ठी बघतही नाहीत. "ते अश्विनी करते," म्हणतात.

म्हणून माझं नाव प्रत्येक नव्या कामात सुरुवातीलाच येतं.

आईला सांगू नकोस. खीर करू नकोस.

तुझी,
अश्विनी

---

कोल्हार,
२५ ऑगस्ट २०२५

अश्विनी,
जयभीम.

ते नाव काढ.

हे पत्र मी दुपारी लिहिते आहे. वंदना केली, मन थोडं निवेल म्हणून वाट पाहिली, ते निवत नाही. तुझ्या पणजोबांच्या वाट्याला गावाची चावडी झाडायचं काम होतं. त्यांना ते कोणी रोज सांगत नव्हतं. सांगायची गरजच नव्हती, ते त्यांच्या नावावर होतं. चावडी कोणी उघडायची, आत कोणी बसायचं, ते दुसऱ्यांचं. आपल्या माणसांनी विहार बांधला तेव्हा पहिल्या बैठकीत हेच ठरलं की इथं झाडणारा म्हणून कोणी नेमायचा नाही. झाडण्यात कमीपणा नाही, मी रोज झाडते. पण ते कोणा एकाच्या नावावर कायमचं लिहायचं नाही. आणि तू ते स्वतःच्या हातानं लिहिलंस, तेही कॉम्प्युटरमध्ये, जो कधी विसरत नाही.

हर्षल तुला जे बोलला त्यासाठी त्याला सोडू नकोस. तेही लिहून काढ, तारीख घालून.

आता दुसरं. माझा राग तुझ्यावर आहे तसा माझ्यावरही आहे. तू नियम अर्धाच नेलास, कारण लहानपणी तुझ्या हाती झाडूच आला, पुढचं तुला कोणी दाखवलं नाही. पूर्ण नियम असा आहे: जो कुलूप उघडील तो झाडील, आणि त्या संध्याकाळी वाचायला तोच पुढं बसेल. लहान पोरांना वाचता येत नव्हतं म्हणून तुमच्या वेळी आम्ही मोठी माणसं बसायचो. तू काम नेलंस, बसायची जागा नेली नाहीस. नुसतं काम कोण अंगावर घेईल? हर्षलनं झटकलं यात मला नवल वाटत नाही.

तुला एक गोष्ट सांगते, तू तेव्हा पाळण्यात होतीस. आपल्याच गावचे एक मोठे अधिकारी निवृत्त होऊन आले. त्यांचा सत्कार ठेवला, कुलूप त्यांच्याच हातानं उघडलं. उघडून ते बाजूला उभे राहिले. आक्काबाईनं झाडू पुढं केला.

ते म्हणाले, "आक्का, मी पाव्हना हाय."

"पाव्हना असता तर कुलूप आमी उघडलं असतं," आक्का म्हणाली. "किल्ली हातात घेताना पाव्हने न्हवता, आता झाला व्हय?"

माणसं हसली. त्यांनी कोट काढून खिळ्याला लावला आणि झाडलं, कोपऱ्यातलं सुद्धा. मग आक्कानं त्यांना पुढं बसवून वाचायला लावलं. त्या माणसानं असं वाचलं की कोणी उठेना. त्यानंतर मरेपर्यंत ते आठवड्यातून एकदा किल्ली मागून न्यायचे.

अजून एक. मी रोज शील घेते, खोटं बोलणार नाही म्हणते. तुझ्याबद्दल मी विहारात चुकीचं सांगितलं होतं, म्हणून काल परत उभी राहिले आणि खरं काय ते सांगितलं. तू नको म्हणाली होतीस हे मला माहीत आहे. तुझी आई तिथंच होती. घरी येऊन ती माझ्याजवळ बसून राहिली. एक जण म्हणाला, पोरीला परत बोलवा. आक्काबाई म्हणाली, "परत कशाला? नाव काढ म्हनावं आन तिथंच बस."

तुला जमत नसेल तर मी येते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तुझ्या अजिनाथ सरांसमोर बसून मी विचारते.

काकी

---

नागापूर,
६ सप्टेंबर २०२५

ती. काकीस,
सविनय जयभीम.

येऊ नकोस. तू आलीस तर सर तुला चहा देतील, गोड बोलतील आणि तू गेल्यावर म्हणतील, घरचे लोक आणते. हे माझं आहे. मला करू दे.

तू विहारात सांगितलंस याचा मला दोन दिवस राग आला होता. मग आईचा फोन आला. ती म्हणाली, "मला कोनी इचारलं तर मी काय सांगू?" मी म्हटलं, सांग, नाव काढलं. तेव्हा ते काढलेलं नव्हतं. पण आईला सांगून बसले म्हटल्यावर काढावंच लागलं.

सोमवारी सकाळी काढलं. माझ्या नावाच्या जागी पुन्हा उघडणाऱ्याचं नाव घे असं लिहिलं. आणि यादीत आठवी चिठ्ठी घातली: "गिऱ्हाईकाला स्वतः भेटा. काम समजून घ्या. झालेलं काम दाखवायलाही तुम्हीच बसा." माहितीच्या पानावर, जे गिऱ्हाईकाला जातं, तिथंही जबाबदार म्हणून उघडणाऱ्याचंच नाव येईल असं केलं. यावेळी तुझं ऐकलं, गुपचूप केलं नाही. सगळ्यांना मेल टाकला, काय बदललं आणि का ते लिहिलं.

सरांनी दुपारी आम्हा दोघांना आत घेतलं.

हर्षल म्हणाला, "एका ओळीसाठी किती तमाशा."

मी म्हटलं, "एकाच ओळीचा आहे, तर तुम्हाला ती एवढी का लागतेय?"

सर म्हणाले, "अगं, नाव कोणाचं तरी असणारच ना."

"असणारच. जो उघडेल त्याचं. तुम्ही उघडलंत तर तुमचं."

"मग टूलच बंद करून टाकतो," हर्षल म्हणाला.

"करा. पण बंद करतोय असं तुमच्या नावानं लिहून करा. दवाखान्यासारखं परत झालं तर कोणाला विचारायचं ते कळेल."

यावर सरांनी हर्षलकडे पाहिलं. टूल बंद करायचं पुन्हा कोणी बोललं नाही. मग मी त्याच्या त्या बोलण्याचं काढलं. तो म्हणाला, "मी गमतीत बोललो."

"मग गमतीत बोललो असं लिहून द्या. शब्द मी सांगते, मी लिहून ठेवलेत."

त्याचा चेहरा उतरला. सर चिडले. म्हणाले, शुक्रवारपर्यंत यादीवर तुझं नाव परत दिसलं पाहिजे, नाहीतर राजीनामा लिहून ठेव. मी म्हटलं, "राजीनामा मी लिहिणार नाही. काढायचं तर तुम्ही काढा आणि कारण लिहा. दुसऱ्यांचं काम कायमचं आपल्या नावावर घ्यायला नकार दिला, असं."

मी बाहेर आले. इन्शानं पाण्याची बाटली पुढं केली. "ताई, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं," म्हणाली. मी म्हटलं, आता बोल. ती आत गेली आणि त्या दिवशी तिनं काय ऐकलं ते सरांना सांगून आली.

तो शुक्रवार काल होऊन गेला. नाव परत टाकलेलं नाही. मला काढलेलंही नाही. सर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. सोमवारी काय होईल ते माहीत नाही.

तुझी,
अश्विनी

---

कोल्हार,
११ सप्टेंबर २०२५

चि. अश्विनीस,
काकीचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी काकांना दिलं. चष्मा मीच काढून हातात ठेवला, म्हटलं, वाचा. त्यांना वेळ लागला. मग म्हणाले, "नोकरी लई कष्टानं लागली हुती तिची."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? केलं ते बरंच केलं. पन मला भ्या वाटतं."

मला पण वाटतं. खोटं कशाला सांगू. रात्री झोप येत नाही आणि मग मी उठून परित्राण पाठ म्हणते. पण भीती वाटते म्हणून नाव परत टाक असं मी लिहिणार नाही, तुझे काका लिहिणार नाहीत आणि तुझी आई तर मुळीच नाही. तिनं काल विहाराची किल्ली मागितली. तुझे वडील गेल्यापासून तिनं एकदाही मागितली नव्हती. आम्हाला वाटलं, वाचायला लाजते म्हणून मागत नसेल. तिनं झाडलं, पुढं येऊन बसली आणि बोट ठेवून ठेवून एक पान वाचलं. फार चुकली. कोणी मध्ये बोललं नाही.

काढलं तर सरळ घरी ये. इथं बसून दुसरी शोध. तोवर घरात जे शिजतं ते तुलाही पुरेल, त्याचा हिशोब मी बघेन. पण तुझ्या हातानं राजीनामा लिहू नकोस, काहीही झालं तरी.

तुझी,
काकी

---

नागापूर,
२८ सप्टेंबर २०२५

ती. काकीस आणि आईस,
सविनय जयभीम.

आईनं वाचलं हे कळल्यावर मी दुपारी जिन्यात जाऊन बसले होते. पुढं काही लिहिण्याआधी तेवढं सांगायचं होतं.

आता इकडचं. मला काढलं नाही. काढायला कारण लिहावं लागलं असतं, ते कोणी लिहीना. पण हर्षलनं वेगळीच युक्ती केली. रिपॉझिटरी उघडायचा अधिकार त्यानं इन्शाला मिळवून दिला आणि राहुरीकडच्या एका रोपवाटिकेचं काम आलं तेव्हा तिला म्हणाला, "तू उघड." म्हणजे चिठ्ठ्या तिच्या नावावर. माझ्या जागी ती.

इन्शा माझ्याकडे आली. "ताई, काय करू? हा मला अडकवतोय."

मी म्हटलं, "उघड. आणि आठवी चिठ्ठी नीट वाच."

तिनं उघडली. आठही तिच्या नावावर लागल्या. तिनं बॅकअप लावलं, पान लिहिलं, आणि बसनं राहुरीला जाऊन रोपवाटिकेच्या बाईंना भेटून आली. कलमं किती दिवसांत तयार होतात, आगाऊ नोंदणी कशी घेतात, पावसात गाडी अडकली तर काय, सगळं विचारून आली. डाळिंबाचं रोपही घेऊन आली, ते आता आमच्या खिडकीत आहे.

काम दाखवायच्या दिवशी बाई त्यांच्या मुलाबरोबर आल्या. हर्षल नेहमीसारखा पुढच्या खुर्चीत बसला, लॅपटॉप उघडला.

बाई म्हणाल्या, "इन्शा मॅडम कुठायत?"

"मी प्रमुख आहे," हर्षल म्हणाला. "मीच दाखवतो."

"असाल हो तुम्ही प्रमुख. पण आमचं बोलणं त्यांच्याशी झालंय. कागदावरही त्यांचंच नाव आहे." असं म्हणून त्यांनी ते माहितीचं पान टेबलावर ठेवलं.

सर दारात उभे होते. मग सरच म्हणाले, "हर्षल, तिला बसू दे." इन्शा बसली. पहिल्यांदा आवाज चिरका आला, मग सरळ झाला. बाईंनी दोन गोष्टी बदलायला सांगितल्या आणि पुढच्या हंगामाचं कामही तिलाच देऊन गेल्या.

त्यानंतरचं काम हर्षलनं स्वतः उघडलं. आठ चिठ्ठ्या त्याच्या नावावर. दोन दिवसांनी तो माझ्या टेबलाशी आला आणि हळू आवाजात विचारलं, बॅकअप कुठून लावतात. मी सांगितलं. लावून दिलं नाही, सांगितलं.

त्या बोलण्याबद्दल त्यानं माफी मागितलेली नाही. मी सरांकडे लेखी तक्रार दिलीय, इन्शाची सही आहे. उत्तर आलेलं नाही. ते मी सोडलेलं नाही, दर सोमवारी विचारते.

काल सहामाहीचे शेरे दिले. माझ्या कागदावर सरांनी लिहिलंय, "कामात चोख. स्वभाव हट्टी. बढतीचा विचार पुढील वर्षी." खाली सही करायची होती. मी सहीच्या वर लिहिलं, "स्वभावाचा शेरा वाचला, मान्य आहे. बढतीचा मान्य नाही." आणि सही केली.

सरांनी कागद हातात घेऊन वाचला. म्हणाले, "असं कोणी लिहितं का?"

मी म्हटलं, "मी लिहिलंय."

तुमची,
अश्विनी